याईरची मुलगी पडद्यावर आणताना: मार्क ५:२१–४३ ची पटकथा, चित्रण आणि संकलन

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली ही २३ वचनं मोठ्याने वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पडद्यावर मात्र त्यांची १२ ते १५ मिनिटांची फिल्म होते. मधली आठ-दहा मिनिटं कशाने तरी भरावी लागतात, आणि मजकुराला धक्का लागतो तो बहुतेकदा या भरावात. संवाद तर सगळे जसेच्या तसे घेतलेले असतात, तरी गोष्ट वेगळीच झालेली असते.

प्रसंग थोडक्यात असा. सभास्थानाचा (यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचा) अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो, कारण त्याची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत १२ वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई मागून येऊन त्याच्या कपड्याला शिवते आणि बरी होते. येशू थांबतो, तिला शोधतो, तिचं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याची खबर येते. येशू घरी जाऊन तिचा हात धरतो आणि ती उठते. लहान गटाला हा प्रसंग पेलवणारा आहे. जागा तीन: किनारा, गल्ली, घर. चमत्कार दोन, आणि दोन्हींना व्हीएफएक्स लागत नाही.

एकच शुभवर्तमान धरा

हाच प्रसंग मत्तयमध्ये ९ वचनांत येतो (९:१८–२६) आणि लूकमध्ये १७ वचनांत (८:४०–५६). पटकथा लिहिणाऱ्याचा पहिला मोह असतो तिन्हींतलं चांगलं चांगलं उचलण्याचा. पण मत्तयमधला बाप आला तेव्हाच मुलगी मेलेली आहे. तिथे वाटेतला उशीर जीवघेणा ठरत नाही, खबर घेऊन कुणी येतही नाही. मार्कमध्ये ती अजून जिवंत आहे, म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. ही दोन कथानकं एकत्र शिवता येत नाहीत. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये येशूच्या दुःखसहनाच्या, म्हणजे त्याच्या छळाच्या आणि मरणाच्या, नाट्यरूपांसाठी निकष काढले, त्यांतही हाच इशारा आहे: एक तुकडा या शुभवर्तमानातून, दुसरा त्यातून असं केल्याने मूळ मजकुरांच्या अखंडतेलाच बाधा येऊ शकते.

बारीकसारीक गोष्टींतही हे पाळावं लागतं. मातम करणाऱ्यांत बासरी वाजवणारे आहेत ते मत्तयमध्ये. मार्कमध्ये फक्त गलबला, रडणं आणि आक्रोश आहे. बाई वस्त्राच्या गोंड्याला शिवते ते मत्तय आणि लूक सांगतात, मार्क नुसतं वस्त्र म्हणतो. मुलगी एकुलती एक होती हे लूकचं. वैद्यांकडे सगळं घालवूनही बाईचा आजार उलट बळावला, हा टोमणा मार्कचा.

काम सुरू करताना किमान तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. उदाहरणार्थ ३६ व्या वचनात, मुलगी गेल्याची खबर आणणाऱ्या निरोप्यांचं बोलणं येशूने ‘ऐकलं’ की ‘कानांआड केलं’ यावर भाषांतरं वेगळी पडतात. त्यावरून निरोपे येशूपासून किती लांब उभे करायचे हे ठरतं. हक्कांचंही याच वेळी बघून घ्या. बायबल सोसायटीच्या आवृत्तीतले संवाद शब्दशः घ्यायचे असतील, तर चित्रणाआधी त्यांची लेखी परवानगी हवी. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबलचं भाषांतर १९२४ मध्ये निघालं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि मरणोत्तर प्रकाशित साहित्याला प्रकाशनानंतर, ६० वर्षं हक्क राहतात. ती मुदत केव्हाच उलटली आहे.

तीन रंगांची पटकथा

पानाचे दोन रकाने करा. डावीकडे वचनाचा क्रमांक, उजवीकडे दृश्य. वचनात सरळ आहे ते काळ्या अक्षरात. वचनात नाही, पण त्या काळाच्या माहितीवरून पटण्याजोगं आहे ते निळ्यात. आपल्या मनचं ते लाल. गावाचं नावही निळ्यात जाईल, कारण हा प्रसंग कफर्णहूमला घडला असं मार्क इथे म्हणत नाही, सरोवराच्या पलीकडे पोचले एवढंच सांगतो. मुलीला शेवटी काय खायला दिलं ते लाल. भाकरी, सुकी मासळी, अंजीर, काहीही चालेल, पण ती आपली निवड आहे हे नोंदलेलं असावं.

लाल वाईट असं नाही, लालशिवाय फिल्मच होत नाही. मात्र लाल ओळीत नवा संवाद, नवं पात्र किंवा एखाद्या कृतीचं कारण आलं की थांबा. पाण्याची घागर, दाराची कडी, गल्लीतलं कुत्रं हे लाल निरुपद्रवी. बाईला हाकलणारा नवरा, याईरवर डाफरणारा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला), येशूकडे संशयाने बघणारी याईरची बायको, हे लाल गोष्ट आपल्या बाजूला ओढून नेतं.

संवादांची यादी करून भिंतीवर लावा. २३ वचनांत थेट बोलणं नऊच वेळा आहे. याईर एकदा, बाई एकदा (तेही स्वतःशीच), शिष्य एकदा, निरोपे एकदा, आणि येशू पाच वेळा: वचन ३०, ३४, ३६, ३९ आणि ४१. आई एक शब्दही बोलत नाही. मुलगीही नाही. याईर त्या पहिल्या विनवणीनंतर पुन्हा बोलतच नाही, आणि पुढे मजकुराची सगळी ताकद तिथूनच येते.

उशीर

सर्वांत जास्त फिल्मा इथे फसतात. सिनेमाची सवय अशी की इकडे मिरवणूक चालली आहे आणि तिकडे मुलगी धापा टाकतेय, मग एकदा इकडे, एकदा तिकडे. ताण वाढतो, संकलकाला काम मिळतं. पण मार्क एकदाही घरी जात नाही. २४ व्या वचनापासून ३५ व्यापर्यंत कॅमेरा, म्हणजे कथन, येशूबरोबर गर्दीत आहे. मुलगी गेली हे वाचकाला आणि याईरला एकाच वेळी कळतं. तुम्ही आधीच तिचे डोळे मिटताना दाखवलेत की ३५ वं वचन निकामी झालं. प्रेक्षक खबर आणणाऱ्यांच्या पुढे निघून गेलेला असतो आणि बापाकडे वरून बघायला लागतो. तेव्हा ३८ व्या वचनापर्यंत घराची एकही चौकट घेऊ नका. पैसे वाचतील तो भाग वेगळाच.

घर दाखवायचं नाही, मग ताण कुठून आणायचा? याईरकडून. बाईच्या पूर्ण प्रसंगात तो चौकटीत कुठेतरी हवाच. पुढे नको. येशूच्या खांद्यामागे, फोकसच्या थोडा बाहेर, पुढचं पाऊल टाकून अडलेला. नटाला सूचना एकच द्या: तू घाई करू शकत नाहीस, कारण ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याला घाई कर म्हणता येत नाही. हात चोळणं, आकाशाकडे बघणं असले हावभाव काढून टाका. घराच्या दिशेने वळलेली मान पुरते.

३३ वं वचन सांगतं, बाई भीत, कापत आली आणि तिने त्याला सगळं खरं सांगितलं. काय सांगितलं ते मजकूर देत नाही. बारा वर्षांचं ‘सगळं खरं’ सांगायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ याईर उभा आहे. इथे बाईसाठी भाषण लिहिलंत तर प्रसंग तिच्या वक्तृत्वाचा होईल. त्यापेक्षा तिचं बोलणं लांबून, शब्द न कळतील असं ठेवा आणि कॅमेरा याईरवर न्या. ३० ते ४० सेकंद, एकच शॉट, न कापता. चाचणी प्रेक्षकांना हा शॉट लांब वाटतो असं ते सांगतील. तो लांबच हवा.

मग येशू तिला ‘मुली’ म्हणतो. हे ऐकताना याईरचा चेहरा दिसला पाहिजे, कारण मुलगी हा शब्द त्याने आणला होता. आणि ‘तो बोलतच आहे तोच’ निरोपे येतात. ध्वनिपट्टीवर हे अक्षरशः करा: येशूच्या ३४ व्या वचनाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर निरोप्याचा आवाज चढवा, आधी चौकटीबाहेरून. वाक्य संपवून, एक श्वास सोडून, मग निरोपे आणलेत तर एकाला मिळालेली शांती आणि दुसऱ्यावर कोसळलेलं दुःख ही दोन वेगळी दृश्यं होतात. चित्रीकरणात दोन्ही संवाद वेगवेगळे, स्वच्छ घ्या, नाहीतर संकलनात एकमेकांवर चढवताना पंचाईत होते.

शरीरातलं आणि मनातलं

२६, २८, २९ आणि ३० ही चार वचनं कॅमेऱ्याला दिसत नाहीत. पूर्वीचा इतिहास, मनातला बेत, शरीरातली जाणीव, आणि येशूला कळलेलं आपल्यातून सामर्थ्य निघाल्याचं.

वैद्यांचा इतिहास फ्लॅशबॅकने सांगू नका. कपड्यांतून सांगा. या बाईकडे एकेकाळी पैसा होता, म्हणून तिचं वस्त्र मुळात चांगलं, आता विरलेलं आणि रफू केलेलं. इतकी वर्षं रक्त गेलेल्या माणसाचे ओठ, नखं आणि पापण्यांची आतली कड फिकट असते, चार पावलांवर धाप लागते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो. रंगभूषाकाराला हेच सांगा. रक्त दाखवायची गरज नाही. मनातलं वाक्य पुटपुटताना ओठ हलू द्या, व्हॉइसओव्हर सगळ्यांत शेवटचा पर्याय.

२९ मध्ये बरं झाल्याचं फक्त तिला कळतं. चेहऱ्यावर प्रकाश फेकणं, तंतुवाद्यांचा लोट, स्लो मोशन, हे तिन्ही केलंत तर सगळ्या गर्दीलाच कळलं असं होतं. सरळ धाप थांबवा. पूर्ण शॉटभर ऐकू येणारा तिचा श्वास एकदम सावकाश झाला की प्रेक्षकाला पुरतं. त्यासाठी नटीच्या श्वासाचा वेगळा ट्रॅक जवळच्या माइकवर घेऊन ठेवा. ३० व्या वचनात येशू थांबतो आणि वळतो, तेवढंच. गर्दीचा आवाज मात्र बंद करू नका. लोक रेटतायत आणि कोण शिवलं काय विचारता, हे शिष्यांचं म्हणणं रेटारेटी चालू असेल तरच खरं वाटतं.

ती मागून येते, हे २७ मध्ये स्पष्ट आहे. शिवल्यावर गर्दीने तिला मागे ढकलू द्या आणि निसटायला वाट मोकळी दाखवा. ती गेली असती तर कुणाला कळलं नसतं, अशी परिस्थिती दिसली तरच तिचं पुढे येणं ही तिची निवड होते.

अशुद्धतेबद्दल सावध राहा. जुन्या करारातल्या लेवीय १५:२५–२७ मध्ये दीर्घ रक्तस्रावाचे नियम आहेत, पण मार्क इथे त्यांचं नावही काढत नाही. कुणी तिच्यावर ओरडत नाही, कुणी दगड उचलत नाही. ‘अशुद्ध, अशुद्ध’ म्हणत अंगावर येणारा जमाव हा लाल रंग आहे, आणि त्यातून येशू चांगला व यहुदी क्रूर असं चित्र उभं राहतं. इथे मदत मागणारा बाप स्वतः सभास्थानाचा अधिकारी आहे, बाई यहुदी, शिष्य यहुदी, येशू यहुदी. येशूच्या पांघरुणाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या करारातल्याच गणना १५:३८ प्रमाणे निळ्या दोऱ्याचे गोंडे लावा. मार्क त्यांचा उल्लेख करत नसला तरी ते निळ्या अक्षरांत अगदी योग्य बसतात.

जागा, कपडे, झाडं

महाराष्ट्रातल्या गटांना एक फायदा आयता आहे. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमची घरं काळ्या बेसॉल्टची होती, दगड फारसा न घडवलेला, वर तुळया, बोरू आणि मातीचं सपाट छप्पर. आपला दख्खनचा काळा दगडही बेसॉल्टच, आणि मराठवाडा-सोलापूरकडची माळवदाची घरं बांधणीने त्याच्या फार जवळची. पडीक माळवदी वस्ती मिळाली तर सेट लावायची गरज नाही. घडीव दगडाचे, नक्षीदार खांबांचे वाडे आणि मंगलोरी कौलं टाळा. कफर्णहूमला आज पर्यटक बघतात ते पांढऱ्या चुनखडीचं सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकातलं आहे. त्याचे फोटो संदर्भ म्हणून कलादिग्दर्शकाला देऊ नका.

चौकटीत झाडं शोधायला एक माणूस नेमा. निवडुंगाचे फड, घाणेरी, सुबाभूळ ही अमेरिका खंडातून आलेली, गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. पहिल्या शतकातल्या गालीलात यांतलं काही नव्हतं. अंजीर, डाळिंब, द्राक्षवेल, खजूर चालतात. घरात मिरच्यांची माळ, मक्याची कणसं, टोमॅटो दिसले की संपलं.

नावेवर खर्च करू नका. १९८६ मध्ये सरोवराच्या गाळात त्या काळची नाव सापडली, सुमारे ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद. तशी बांधून घेणं लहान गटाला परवडत नाही, आणि फायबरची होडी कितीही रंगवली तरी ओळखू येते. मजकुरालाही नाव एका अर्ध्या वचनापुरती लागते. धरणाच्या काठावर ओल्या वाळूतून वर येणारी पावलं घ्या, विजेचे मनोरे कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवा.

कपडे: गुडघ्याखालपर्यंतचा लोकरी अंगरखा, खांद्यापासून खाली उतरणारे दोन उभे पट्टे, वर चौकोनी पांघरूण. लोकर न रंगवलेली किंवा मंजिष्ठासारख्या वनस्पतीने रंगवलेली. पांढरा झगा आणि निळी शाल ही चित्रकारांची देणगी आहे. लांब झगे मिरवण्यावर मार्कमध्ये (१२:३८) येशूच टीका करतो, म्हणून त्यालाच तो घालणं जरा विनोदी.

गर्दीला शंभर माणसं लागत नाहीत. अडीच मीटर रुंदीच्या गल्लीत २५ ते ३० जण भरपूर होतात, कॅमेरा खांद्याच्या उंचीवर, लेन्स ८५ मिमीच्या आसपास. शिवण्याचा क्षण मात्र ३५ मिमीने, हाताच्या उंचीवरून. पुढे येशू मुलीचा हात धरतो तो शॉट याच लेन्सने, याच अंतरावरून घ्या.

घर

खोलीत एकूण सात जण: येशू, पेत्र, याकोब, योहान, आई, बाप आणि मुलगी. आठवा कुणी नको, रडणारी आत्याही नको. बाहेरचे हसतात ते कुत्सित खलनायकासारखं नको. मेलेलं माणूस पाहिलेले लोक आहेत ते, त्यांना खरंच हसू येतं.

प्रकाश दारातून आणि एका मातीच्या दिव्यातून. ‘तलीथा कूम’ मूळ अरामीत ठेवा, कारण मार्कनेच ते ठेवून पुढे अर्थ दिलाय. आवाज झोपलेल्या मुलाला उठवण्याइतकाच. मुलगी उठते आणि चालते, हे ४२ मध्ये आहे. आई-बापांची मिठी मजकुरात नाही. ती घ्यायची असेल तर चालणं पूर्ण दिसल्यानंतर, नाहीतर मुलगी मिठीत लपते. मग कुणाला न सांगण्याची ताकीद, आणि तिला खायला द्या हे सर्वांत शेवटी. क्रम उलटवू नका.

मुलगी १२ वर्षांची म्हणजे बालकलाकार आला. भारतातल्या नियमांनुसार मुलाला दिवसात ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त काम देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. घराचं चित्रण तिच्या तासांभोवती आखा आणि मेल्याचे शॉट आधी उरका. झोपेचं सोंग थकल्यावर टिकत नाही, पापण्या फडफडतात.

बोली

भाषांतरातली वाक्यं तोंडात बसत नाहीत, म्हणून संवाद थोडे बदलावे लागतात. बदल शब्दांच्या क्रमात करा, आशयात नाही. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे येशूला संस्कृतप्रचुर मराठी आणि बाईला, निरोप्यांना गावरान. वसईची बोली, वऱ्हाडी, काहीही घ्या, पण सगळ्यांना तीच द्या. याईर येशूला अहो-जाहो करेल, येशू त्याला तसंच, आणि बाईला व मुलीला अगं-तुगं.

तपासणी

संहिता दोघांना दाखवा: शास्त्र शिकलेले पाळक किंवा फादर, आणि यहुदी इतिहास जाणणारं कुणीतरी. दुसऱ्यांदा कच्च्या संकलनावर. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर, दाखवून उपयोग नाही, तेव्हा सूचना मान्य करायला पैसे उरलेले नसतात.

कच्चं संकलन एकदा आवाज बंद करून बघा. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढायला प्रवृत्त करणारा मुंबईतला येशूचरित्राचा चित्रपट मूकच होता. आवाजाविना याईरची तगमग, बाईचा निर्णय आणि शेवटचं खाणं कळत नसेल, तर संगीत वाढवून ते दुरुस्त होणार नाही. त्या दृश्याचे राहिलेले शॉट पुन्हा घ्यावे लागतील.

मग हा उतारा ठाऊक नसलेले पाच-सहा प्रेक्षक बसवा आणि पाहून झाल्यावर प्रत्येकाला गोष्ट लिहून काढायला सांगा. चर्चा नंतर. त्यांची लिखाणं मार्कच्या मजकुराशेजारी ठेवा. तीनहून जास्त जणांनी मजकुरात नसलेली एकच गोष्ट लिहिली, उदाहरणार्थ ‘लोक तिला मारायला धावले’, तर ती तुमच्या लाल ओळींतून आली आहे. तो शॉट काढा. आणि येशू थांबल्यामुळे याईरला उशीर झाला हे कुणीच लिहिलं नसेल, तर ३३ व्या वचनाचा तो लांब शॉट तुम्ही कापला आहे. परत लावा.